भावोजींचा पूर्ण पत्ता

तेरेखोलपासून पोळ्यापर्यंत अख्ख्या गोव्यात, कुठलीही गोष्ट मुळापासून सांगितल्याखेरीज ती सांगितलीच नाही असं मानणारा माणूस एकच आहे, आणि देवानं तो नेमका माझ्या थोरल्या बहिणीला नवरा म्हणून दिला. भावोजींचं घर मयेला. मागं उतारावर सुपारीचं कुळागर, पुढं बल्कांव, म्हणजे दोन्हीकडं कट्टे असलेली ओसरी, आणि बल्कांवात संध्याकाळी पाय पसरून बसलेले भावोजी. रस्त्यानं जाणाऱ्याला दुसरा कुणीही 'खंय चल्लास?' एवढंच विचारील. भावोजी विचारतात, 'घरातून किती वाजता निघालास?' तिथून सुरुवात. मग वाट कुठली धरलीस, मध्ये कोण भेटलं, आणि आपण कुठं निघालो होतो ह्याचा त्या बिचाऱ्याला पुरता विसर पडला, की मग 'आता खंय?' मी पेडणे तालुक्यातल्या हळर्णचा. ताईच्या लग्नाला तीस वर्षं होऊन गेली, पण ह्या माणसानं मला कधी नावानं हाक मारल्याचं आठवत नाही. 'हळर्णच्या घरातला, आमच्या मंडळींचा धाकटा भाऊ' ही माझी हाक, आणि तीही माझ्या तोंडावर, जेवताना भात वाढायचा असला तरी. एकदा मी चिडून म्हटलं, "आईबापांनी नाव ठेवलंय ना मला, ते वापरा की." तर शांतपणे म्हणाले, "तुझ्या नावाचे ह्या वाड्यावर चार जण असत. मी हाक मारतलंय एकाक, नि ओ देतलो भलतोच. मग भात कोणाक वाढूचो?"

त्यांच्या घरातल्या प्रत्येक वस्तूला पत्ता आहे. मीठ हवं असेल तर आपण मीठ म्हणू. भावोजी म्हणणार, 'स्वयंपाकघर, खिडकीकडचं कपाट, वरून दुसरा खण, निळ्या झाकणाची बरणी.' तोवर ताईनं मीठ वाढून हात धुतलेले असतात. सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलचा भोंगा वाजवत येतो. त्यालाही 'चार पाव' म्हणून मोकळं सोडत नाहीत. कुठल्या टोपलीतले, वरच्या थरातले की खालच्या, आणि ते पुढच्या दारी द्यायचे की मागच्या, हे सगळं सांगून होईपर्यंत शेजारच्यांचा चहा थंड होतो. एकदा मुंबईकडची एक गाडी दारात थांबली. आतल्या बाईनं काच खाली करून विचारलं, "तळं कुठं हो?" तळं म्हणजे त्यांच्या घरापासून पुढच्या वळणावर. हात केला असता तरी भागलं असतं. पण भावोजींनी सुरुवात केली डिचोलीच्या बसस्टँडपासून. स्टँडवर तोंड कुठल्या बाजूला करून उभं राहायचं इथपासून. गाडीतली मंडळी भली, त्यांनी सगळं ऐकून घेतलं, आणि गाडी वळवून खरोखरच डिचोलीच्या दिशेनं निघून गेली. मी कपाळाला हात लावला. भावोजी मात्र प्रसन्न होते. म्हणाले, "आता ते चुकाचे नाय."

देवळातही तेच. आमच्याकडे देवाला गाऱ्हाणं घालतात. भटजी किंवा घरातला मोठा देवापुढं उभा राहून घरादाराची विनवणी बोलतो आणि बाकीचे 'व्हय म्हाराजा' म्हणत साथ देतात. भावोजींच्या गाऱ्हाण्यात विनवणी शेवटी येते, आणि बहुतेकदा नैवेद्य निवल्यावर येते. आधी देश, मग राज्य, तालुका, गाव, वाडा, घराला कुठल्या बाजूनं पायऱ्या आहेत, मग बापाचं नाव, आज्याचं नाव. कारण काय, तर देव देतो ते पोचायला हवं. माझ्या भाचीच्या लग्नाआधी असंच गाऱ्हाणं चाललं होतं. 'व्हय म्हाराजा' म्हणता म्हणता एका म्हाताऱ्याचा डोळा लागला आणि तो मध्येच, जिथं नको तिथं, 'व्हय म्हाराजा' म्हणून दचकून उठला. सगळे हसले. भावोजींनी डोळे मिटलेल्या स्थितीतच गाऱ्हाणं थांबवलं आणि पुन्हा 'भारत देशा'पासून धरलं.

असल्या माणसाच्या हाती कॉम्प्युटर पडावा, आणि त्यातही लिनक्सचा, ही नियतीची गंमत म्हणायची. भावोजी डिचोलीकडच्या एका खाणीच्या ऑफिसात होते. निवृत्तीच्या वेळी लोकांना शाल-श्रीफळ मिळतं; ह्यांनी ऑफिसातला जुना, अडगळीत पडलेला कॉम्प्युटर आणि करकर करणारा प्रिंटर मागून घेतला. तिथल्याच एका इंजिनिअरनं त्यावर विंडोजच्या जागी लिनक्स घालून दिलं होतं. माउसनं चित्रावर टिचकी मारली की काहीतरी उघडतं, हा प्रकार भावोजींना पहिल्यापासून पटला नाही. 'टिचकी काय मांजराक मारतत,' असं त्यांचं मत. त्यांना आवडला तो काळा पडदा, ज्यावर आपण ओळ लिहायची आणि यंत्रानं ती पाळायची. आणि त्या पडद्यावर त्यांना त्यांच्या जन्माचं सार्थक सापडलं. लिनक्समध्ये प्रत्येक गोष्टीचा पत्ता मुळापासून लिहिता येतो. पहिली तिरकी रेघ म्हणजे मूळ, ज्याच्या आधी काही नाही. मग एक कप्पा, म्हणजे फोल्डर, परत तिरकी रेघ, त्याच्या आतला कप्पा, असं करत करत थेट त्या वस्तूपर्यंत. हे कळलं त्या दिवशी भावोजींनी ताईला शिरा करायला सांगितला होता.

आता मी पेडण्याच्या एका हायर सेकंडरीत मुलांना हाच कॉम्प्युटर शिकवतो, त्यामुळं आमची जुंपायची. मी त्यांना सांगायचो, "भावोजी, अहो इतकं लिहायची गरज नाही. यंत्राकडे एक यादी असते, पाथ म्हणतात तिला. तुम्ही नुसतं प्रोग्रामचं नाव मारा. यंत्र त्या यादीतल्या कप्प्यांत एकामागून एक जाऊन विचारतं, ह्या नावाचा कुणी आहे का इथं? जिथं पहिल्यांदा सापडेल तो चालवतं. सगळं जग असंच करतं." भावोजी चष्म्यावरून बघत. "पहिल्यांदा सापडलेलो म्हणजे खरो, असा कोणी सांगला तुका?" मी म्हणायचो, निदान टॅबची कळ तरी दाबा, दोन अक्षरं लिहिली की पुढचं यंत्र स्वतः पुरं करतं. ते तर त्यांना उद्धटपणाचंच वाटे. "माझा वाक्य मी पुरा करतलंय. ह्येका घाई कित्याक?" साधी तारीख बघायची असली तरी ते मुळापासून पत्ता लिहून मग बघत. मी हताश होऊन भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट करायचो.

पण हा हट्ट निव्वळ हट्ट नव्हता, हे मला फार उशिरा कळलं. त्यासाठी आधी पाटाचं सांगायला हवं. वाड्यावरच्या बावीस घरांची कुळागरं एकाच पाटाच्या पाण्यावर. वरच्या झऱ्यावर बांध घातलेला आहे, तिथून पाट निघतो, आणि कुणी कधी आणि किती तास पाणी आपल्या बागेत वळवायचं त्याची पाळी ठरलेली. ही पाळी लावायचा मान पिढ्यान् पिढ्या भावोजींच्या घराकडे. दर शनिवारी दुपारपर्यंत कुणाला अदलाबदल हवी असेल तर त्यानं घरी येऊन सांगायचं, आणि संध्याकाळी पुढच्या आठवड्याचा कागद पाटाजवळच्या फळीवर लागायचा. भावोजींचा बाप हा हिशेब तोंडी करी, आणि दर एप्रिलात, पाणी आटलं की, वाड्यावर कोयते निघत. भावोजींनी त्यासाठी खाणीतल्या त्या इंजिनिअरकडून शिकून एक प्रोग्राम लिहिला. त्याचं नावही 'पाट'. तो चालवला की प्रिंटर करकरत सात दिवसांचा कागद बाहेर टाकतो. यंत्र कुणाचा सोयरा नाही हे सगळ्यांना पटलं आणि भांडणं थांबली. मात्र कागद काढायला हात घरच्याच माणसाचा लागतो. तो मान आहे. मी एकदा सहज काढून देऊ म्हटलं तर एक शेजारी म्हणाला, "पेडण्याच्या माणसान आमच्या पाण्याची पाळी लावूची?" आणि तो चेष्टा करत नव्हता.

तर अगदी सुरुवातीला भावोजीसुद्धा नुसतं नावच मारत. एका वर्षी त्यांनी सगळी यादी नव्यानं केली, नवा कप्पा केला, नवा 'पाट' त्यात ठेवला. जुन्या वर्षाचा 'पाट' मोडवेना म्हणून राहू दिला. शनिवारी नाव मारलं. यंत्रानं आपल्या यादीप्रमाणे आधी जुन्या कप्प्यात विचारलं, तिथं त्या नावाचा होताच, तो चालवला. कागद निघाला, फळीवर लागला. त्यात गुरुवारी चार वाजता पाणी सोडायला ज्यांचं नाव होतं ते वरच्या घरचे काका आठ महिन्यांपूर्वी वारले होते. काकूंनी फळीवरचा कागद वाचला आणि सरळ भावोजींच्या बल्कांवात येऊन उभ्या राहिल्या. रागावल्या असत्या तर परवडलं असतं. त्या इतकंच म्हणाल्या, "बेस्तवारी चार वाजता हे पाणी सोडूक येतले म्हणून लिवलंय. चाय करून ठेवू काय?" ताई सांगते, भावोजी त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी जुना कप्पा यंत्राच्या यादीतून काढून टाकला, नव्या प्रोग्रामसाठी कप्प्यात कप्पा करत एक लांबलचक पत्ता तयार केला आणि सगळ्यांत आतल्या कप्प्याला नाव दिलं 'खरा'. तेव्हापासून पहिल्या रेघेपासून शेवटच्या अक्षरापर्यंत लिहिल्याशिवाय त्यांनी कळ दाबली नाही. मला हे कळलं त्यानंतर मी त्यांना टॅबचं सांगायचं सोडलं.

गेल्या एप्रिलात भावोजींच्या छातीत कळ आली. आम्ही त्यांना बांबोळीला इस्पितळात नेलं. तिथंही डॉक्टरांनी 'कुठं दुखतं?' विचारल्यावर ह्यांनी सांगायला घेतलं ते सकाळी किती वाजता उठलो इथपासून. डॉक्टर तरुण होता, त्यानं ऐकता ऐकता कागद बघितले आणि बाहेर येऊन मला सांगितलं की रक्तवाहिनी बंद झालीय, शुक्रवारी सकाळी अँजिओप्लास्टी करू. शुक्रवार उजाडला आणि भावोजींचं प्रेशर चढून बसलं. गोळ्या दिल्या, झोपवलं, उतरेना. डॉक्टर म्हणाला, "ह्या प्रेशरवर मी हात लावणार नाही, आणि फार थांबताही येणार नाही. उद्या संध्याकाळपर्यंत खाली आलं तर रविवारी सकाळी करतो. ह्यांना कसली काळजी आहे का?" मी म्हटलं, नाही हो, कसली असणार. ताई माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "फाल्या शनिवार."

उद्या शनिवार. एप्रिलातला. झऱ्याला पाणी बोटभर, आणि फळीवर कागद लागणार नाही. भावोजी उताणे पडून छताकडे बघत होते आणि ओठ हलत होते. मला वाटलं नामस्मरण, जवळ जाऊन ऐकलं तर बावीस घरांची नावं. मी म्हटलं, "भावोजी, ताई काढील कागद. घरचीच आहे ना ती, मान सांभाळला जाईल." त्यांनी मान हलवली. "तेका जमाचा नाय. पत्तो मोठो असा." मग म्हणाले, "मी सांगतंय फोनावर. फाल्या चुकूक नको. आज लिवून बघ म्हण तेका." 'तिका'ऐवजी 'तेका' म्हणाले; आपली बायको 'तो' की 'ती' ह्याचंही भान न राहावं इतका हा माणूस घाबरला होता.

शुक्रवारी दुपारी, शेजारच्या खाटेवरच्या माणसाला भावोजींकडं जरा बघा म्हणून सांगून, मी ताईला घेऊन मयेला गेलो. इतकी वर्षं ते यंत्र तिच्या घरात होतं आणि तिनं त्यावरची धूळ पुसण्यापलीकडं त्याला बोट लावलं नव्हतं. तिनं पदर खोचला, खुर्ची ओढली, आणि मी फोन तिच्या कानाशी धरला. पलीकडून भावोजींचा आवाज आला, एकदम ऑफिसातला. "प्रथम तिरकी रेघ. ह्याच्याआधी काहीही नाही." ताई म्हणाली, "ही रेघ खंय असा?" "उजव्या हाताची करंगळी जिथं पडते, तिथं प्रश्नचिन्हाच्या खाली." असे आठ कप्पे. एक अक्षर चुकलं की यंत्र 'असं काही नाही' म्हणून मोकळं, आणि भावोजींचं पुन्हा 'प्रथम तिरकी रेघ.' खोडून पुढचं लिहिता येतं, हे मी दोनदा सांगून बघितलं. ते चालणार नव्हतं. चुकलं की मुळापासून. अकराव्या वेळेला भावोजींना धाप लागली, आणि मग फोनवर एका नर्सचा आवाज आला, "कोण आहात हो तुम्ही? माणसाला मारायचंय का?" आणि फोन बंद झाला.

मी ताईला म्हटलं, कप्प्यात आधी शिरू आणि मग नाव मारू. एकेक कप्पा उघडत मी तिला 'खरा'पर्यंत नेलं. आत 'पाट' दिसला. तिनं नाव लिहिलं, कळ दाबली. यंत्र म्हणालं, सापडत नाही. ताईनं माझ्याकडे बघितलं. "अरे समोर बसलोहा, नि म्हणता सापडत नाय. तुझे भावोजी पण अशेच. हातात मिठाची बरणी, नि माका इचारतत मीठ खंय." मी तिला सांगितलं की यंत्र आपल्या यादीतल्या जागीच शोधतं, स्वतः उभं असतं तिथं बघत नाही. नावाच्या आधी टिंब आणि तिरकी रेघ काढली की त्याला कळतं, हा इथलाच. ती म्हणाली, "मग इतको प्रवास करून इथं येवचा, नि वर टिंब काढूचा? सरळ हाक मारून येणारो नाय काय?" मी हे गेली कित्येक वर्षं ज्याला सांगत आलो तो माणूस इस्पितळात पडला होता, आणि त्याची बायको मला तेच आपणहून विचारत होती. मी खुर्चीवर बसलो आणि यंत्र सुरू होताना जी यादी वाचतं तिच्या अगदी डोक्यावर 'खरा' कप्प्याचा पूर्ण पत्ता लिहिला. जुन्या वर्षांच्या कप्प्यांना हात लावला नाही. मग ताईला म्हटलं, "आता तू कुठंही असलीस तरी नुसतं 'पाट' मार." तिनं चार बोटांचं काम एका बोटानं करत तीन इंग्रजी अक्षरं मारली. प्रिंटर करकरला. ताई दचकून मागं सरकली आणि मग हसायला लागली, आणि हसता हसता रडली.

शिवाय मी तिला एक गोष्ट शिकवली, जी मुलांना शिकवतो आणि मुलं विसरतात. एक आज्ञा अशी आहे की ती नावाच्या आधी लिहिली तर यंत्र प्रोग्राम चालवत नाही, नुसतं सांगतं, ह्या नावानं हाक मारलीस तर मी ह्याला बोलावीन. ताईला ती फार आवडली. मी निघताना म्हटलं, "त्यांनी विचारलं तर पूर्ण पत्ता मारला म्हणून सांग. प्रेशरचा मामला आहे." ताई म्हणाली, "लग्न झाल्यापासून खोटा सांगूक नाय. आता आडवे पडलेत म्हणून सांगू?" मला तिचा रागच आला. माणसाचा जीव मोठा की खरंखोटं, असं तोंडावर आलं होतं, पण ती मला राखी बांधते, मी चपला पायात सरकवल्या.

शनिवारी मी इस्पितळात, ताई घरी. दुपारी तीनपर्यंत प्रेशर तिथंच. डॉक्टर येऊन मान हलवून गेला. चार वाजता माझ्या फोनवर ताई. मी नर्सच्या पाया पडायचा तेवढा बाकी राहिलो. तिनं दोन मिनिटं दिली. मी फोन मोठ्यानं लावला.

"छापलो," ताई म्हणाली.

भावोजींनी विचारलं, "पूर्ण पत्तो मारलंस?"

फोनमधून प्रिंटरजवळचा पंखा ऐकू येत होता. "नाय," ताई म्हणाली. "नुसता नाव मारलंय. माझ्या भावान वाट करून दिल्यान."

भावोजींनी माझ्याकडे बघितलं. तसं त्यांनी ना आधी कधी बघितलं होतं ना पुढं कधी बघावं. त्यांचा हात छातीवर गेला आणि मी नर्सला हाक मारायला वळलो.

"ठेवू नका, आयका," ताई घाईनं म्हणाली. "कळ दाबूच्या आधी मी यंत्राक इचारलंय. म्हटलं, हाक मारलंय तर कोणाक हाडतलंस? तेना सांगल्यान. मी लिवून घेतलंय. वाचू?"

आणि तिनं वाचलं. तिरकी रेघ. होम. तिरकी रेघ. भावोजींचं नाव. तिरकी रेघ, मये. तिरकी रेघ, कुळागर. सातवीपर्यंत शिकलेली माझी बहीण एकेक इंग्रजी अक्षर जुळवत, गाऱ्हाणं घालावं तशी वाचत होती, आणि भावोजी प्रत्येक रेघेला खाटेच्या लोखंडावर बोट टेकवत होते. 'खरा' आलं तेव्हा त्यांनी डोळे मिटले.

"परत वाच," ते म्हणाले. तिनं परत वाचलं, मुळापासून.

मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "म्हणजे तेका सगळो पत्तो ठावक होतो. आपण नुसती हाक मारूची." आणि कूस बदलून झोपी गेले. पाच वाजता नर्सनं प्रेशर बघितलं, मग यंत्रावर विश्वास न बसून दुसरं यंत्र आणून बघितलं. रविवारी सकाळी सगळं पार पडलं. डॉक्टर मला बाहेर येऊन म्हणाला की नळी उघडली, पण हृदयाचा थोडा भाग आधीच गेला आहे, ह्यांना आता जपावं लागेल. मी ते ताईला तसंच सांगितलं. ती म्हणाली, "जपूया."

घरी आल्यावर भावोजींच्या बोलण्यात काही फरक पडला असं कुणाला वाटायला नको. पोदेराची सुटका झालेली नाही. परवाच त्यांनी मला मोरजीच्या एका लग्नाची हकीगत सांगितली आणि मंडपात पोचायला आम्हाला पाऊण तास लागला. पण यंत्रापुढं ते आता बसत नाहीत. शनिवारी ताई हात पुसत येते, उभ्या उभ्याच त्याला विचारते कुणाला आणशील, उत्तर वाचून घेते, मग तीन अक्षरं मारते. गेल्या महिन्यात गेलो होतो तेव्हा मी भावोजींना विचारलं, "इतकी वर्षं तुम्ही हे तिला शिकवलं का नाही?" ते म्हणाले, "तिना इचारल्यानच नाय." आतून ताई म्हणाली, "तुम्ही सांगलासच नाय." दोघांपैकी कुणीही त्यात काही गैर झालं असं मानत नव्हतं, आणि मला उगीचच वाईट वाटलं.

कागद फळीवर लावायला मात्र अजून तेच जातात. मी बरोबर गेलो. पूर्वी त्या उतारावरून ते माझ्यापुढं चालत आणि मागं वळून मला वाट समजावत. आता तीनदा थांबले. थांबले की सुपारीकडं बघत, जणू तिच्यासाठीच थांबलो. फळीपाशी पोचल्यावर मी टाचण्यांची डबी धरली आणि त्यांनी कागद लावायला घेतला. दोन टाचण्या मारून झाल्यावर, ज्या माणसानं जन्मात एक गोष्ट थोडक्यात सांगितली नाही तो मला म्हणाला, "आता मी नसलंय तरी पाणी चुकाचा नाय."

इतकंच. मागंपुढं काही नाही. आणि हे त्यांनी इतक्या समाधानानं म्हटलं की मला त्यांचा रागच आला. मला सांगायचं होतं, भावोजी, पाण्याचं जाऊ द्या, आमचं काय? तुम्ही सुरुवात केल्याशिवाय आमच्या घरात कुठलीही गोष्ट सुरूच होत नाही. पण असलं बोलायची आमच्यात रीत नाही, आणि त्यांना ऐकायची सवय नाही. मी डबीतली आणखी एक टाचणी काढून त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी ती मारली, मग चौथी मारली, कागद चारी बाजूंनी ताणून बघितला आणि माझ्या खांद्यावर हात टेकून चढ चढायला लागले. हाताचं ओझं बरंच होतं. मी पावलं लहान केली.